सातोशी कोनच्या सिनेमांची उतरंड (आणि पाप्रिका तळाला का)

निशाचर:

गेल्या आठवड्यात पाऊस आणि सर्दी दोन्ही एकदमच आली, त्यामुळे चार दिवस घरी होतो. ठरवून सातोशी कोन या जपानी अ‍ॅनिमेशन दिग्दर्शकाचं सगळं परत पाहिलं. सगळं म्हणजे किती? पर्फेक्ट ब्लू ८१ मिनिटं, मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस ८७, टोकियो गॉडफादर्स ९२, पाप्रिका ९०. बेरीज ३५०. सहा तासही भरत नाहीत. आपल्याकडे एका लग्नाचा व्हिडिओ याहून मोठा असतो. वर पॅरानोया एजंट या मालिकेचे १३ भाग, की संपलं. २४ ऑगस्ट २०१० ला माणूस गेला, वय ४६, स्वादुपिंडाचा कर्करोग.

ज्यांनी नावही ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी: होक्काइदोचा माणूस, चित्रकला शिकायला टोकियोत आला, सुरुवात मांगा (जपानी चित्रकथा) काढण्यापासून, मग 'अकिरा'वाल्या कात्सुहिरो ओतोमोच्या हाताखाली उमेदवारी. १९९५ च्या 'मेमरीज' या तीन कथांच्या सिनेमातल्या पहिल्या कथेची पटकथा त्याची. एक ऑपेरा गायिका, तिच्या आठवणी, आणि त्या आठवणींत वाट चुकलेले परके लोक. पुढे आयुष्यभर तो हेच करत राहिला असं म्हटलं तरी चालेल.

माझा क्रम असा: मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस, टोकियो गॉडफादर्स, पर्फेक्ट ब्लू, पॅरानोया एजंट, पाप्रिका.

हो, पाप्रिका शेवटी. चपला हातात घ्या, तोवर मी कारण सांगतो.

कोनचं नाव निघालं की लोक त्याच्या दोन दृश्यांमधल्या सांध्यांबद्दल बोलतात. पात्र एका दारातून आत शिरतं आणि भलत्याच वर्षात बाहेर पडतं. सांधा कुठे बसवला ते दिसत नाही. कबूल. पण सांध्याच्या दोन्ही बाजूंना काही असेल तरच सांध्याला किंमत. मिलेनियम अ‍ॅक्ट्रेसमध्ये चियोको फुजिवारा ही जुनी नटी तीस वर्षं एकांतात राहिलेली आहे. तिचा स्टुडिओ पाडला जातोय, आणि एक माहितीपटवाला तिची हरवलेली किल्ली घेऊन मुलाखतीला येतो. ती सांगायला लागते आणि तो नि त्याचा कंटाळलेला कॅमेरामन तिच्या आठवणीत प्रत्यक्ष शिरतात. आठवण कुठे संपली आणि तिने केलेला सिनेमा कुठे सुरू झाला, पत्ता लागत नाही. ती पळत सुटते. घोड्यावर, मग बग्गीत, मग रिक्षात (माणसाने ओढायच्या), मग सायकलवर. मागची पार्श्वभूमी जुन्या लाकडी ठशांच्या चित्रांची होते, मग आगगाडीच्या काळातली. जपानची तीनशे-चारशे वर्षं दोन मिनिटांत सरकतात, पण बाई तीच, आणि तिला गाठायचाय तो माणूसही तोच. इथे सांध्याला अर्थ आहे. तिच्या डोक्यात हे सगळं एकच धावणं आहे, म्हणून पडद्यावरही एकच.

त्यातलं एक छोटं दृश्य मला सगळ्यात प्रिय आहे. पोलिसांपासून लपलेला चित्रकार कोठारात बसलाय, वर चंद्र. तो म्हणतो की पौर्णिमेपेक्षा मला चौदाव्या रात्रीचा चंद्र आवडतो. पौर्णिमेनंतर उतरणच असते, चौदाव्या रात्रीला उद्या असतो. आपण कोजागिरीला दूध आटवतो, आदल्या रात्री आकाशाकडे कोण बघतं?

पाप्रिकाचे (दुसऱ्याच्या स्वप्नात शिरायच्या यंत्राची गोष्ट) सांधे याहून चकचकीत आहेत. पण ज्यांची ती स्वप्नं आहेत ती माणसं, एक तो डिटेक्टिव्ह कोनाकावा सोडला तर, माझी कोणी लागत नाहीत. डॉ. चिबा आणि तोकिताचं प्रेम शेवटी शेवटी वरून ओतलेल्या फोडणीसारखं येतं. चेअरमन भाषणं देतो. मिरवणूक बघायला गॅलरीत उभं राहावं तसा मी पाप्रिका बघतो. छान दिसतं, खाली उतरावंसं वाटत नाही.

पर्फेक्ट ब्लू तिसरा एवढ्याचसाठी की शेवटच्या वीस मिनिटांत तो मला नेहमीच्या थरारपटांसारखा वाटतो. बोला आता.

काडेपेटी:

चप्पल पाठवली आहे, पोचपावती द्या.

अहो, मिरवणूक गॅलरीतून बघायची वस्तूच नाही! विसर्जनाच्या रात्री अलका टॉकीजच्या चौकात उभे राहा, मग बोलू. पाप्रिकातली मिरवणूक म्हणजे फ्रिज चालतायत, बेडूक वाजंत्री वाजवतायत, बाहुल्या, हात हलवणाऱ्या मांजरी, सगळा माळ्यावर टाकलेला संसार रस्त्यावर उतरलाय आणि वर सुसुमु हिरासावाचं ते संगीत. ती बघून ज्याचा पाय हलत नाही त्याने कान तपासून घ्यावेत. आणि जो त्या मिरवणुकीत जातो तो वेड्यासारखी बडबड करायला लागतो, ती बडबड ऐका. शब्द सगळे ओळखीचे, वाक्य कुठलंच लागत नाही. हल्ली फोनवर रात्री दीड वाजता बोट फिरवत असतो तेव्हा मला तेच ऐकू येतं.

यासुताका त्सुत्सुईची कादंबरी १९९३ ची, सिनेमा २००६ चा. त्यात पाप्रिका, म्हणजे डॉ. चिबाचं स्वप्नातलं रूप, सरळ म्हणते की स्वप्न आणि इंटरनेट यांत फारसा फरक नाही, दाबून ठेवलेलं मन दोन्हीकडे मोकळं होतं. २००६ साली आपण ऑर्कुटवर एकमेकांना स्क्रॅप टाकत होतो हो! वेनिस महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तो सिनेमा उगाच गेला नव्हता.

माणसं 'कोणी लागत नाहीत' हा आरोप मान्य. पण स्वप्नात माणसं लागतात का कोणाची?

(अवांतर: पाप्रिकातल्या त्या बारमधले दोन बारटेंडर आहेत ना, त्यांचे आवाज खुद्द त्सुत्सुई आणि कोन यांचे आहेत. कथा ज्याची आणि सिनेमा ज्याचा, दोघं मिळून गिऱ्हाइकाला पेला भरून देतायत.)

चाळकरी:

माझ्या लेखी जपानी कार्टून म्हणजे रविवार सकाळचा दूरदर्शनवरचा मोगली. तो जपानी होता हेही मला चाळिशीत कळलं. मुलगा सहावीत आहे, सुट्टीत काय बघू म्हणून डोकं खातोय. यातलं पर्फेक्ट ब्लू नाव बरं वाटतंय, लावून देऊ का?

चिंचगूळ:

नको!!!

काडेपेटी:

चाळकरी, हात जोडतो, नको. रिमोट खाली ठेवा.

निशाचर:

टोकियो गॉडफादर्ससुद्धा सहावीला जरा जड जाईल. थांबा, सुचवतो काहीतरी.

चिंचगूळ:

ओरडून झालं, आता सविस्तर.

माझ्या यादीत पर्फेक्ट ब्लू पहिला, आणि दुसरा कुठला हे ठरवायची मला गरजच वाटलेली नाही. निशाचर, तुम्ही शेवटची वीस मिनिटं धरून बसलात. मी मधली चाळीस मिनिटं सांगते.

मिमा एका मुलींच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये असते. ग्रुप सोडून ती अभिनयात येते, किंवा आणली जाते. पहिल्या मालिकेत तिला एकच वाक्य आहे: 'तू कोण आहेस?' ते ती कोपऱ्यात उभी राहून पुन्हा पुन्हा घोकते. मग भूमिका वाढते, पण कशी, तर बलात्काराच्या दृश्याने. ते दृश्य चालू असताना मध्येच दिग्दर्शक थांबवतो. दिव्यांचं काहीतरी बघायचं असतं. नट आणि मिमा त्याच अवस्थेत तसेच थांबून राहतात आणि तो नट हळूच तिला 'सॉरी हं' म्हणतो. मग पुन्हा चालू. पूर्ण सिनेमात मला सगळ्यात जास्त घाबरवलं ते त्या 'सॉरी'ने. कारण तिथे कोणीच राक्षस नाही. सगळे आपापलं काम नीट करतायत.

हे मी एवढ्या ठामपणे लिहिते कारण मी स्वतः दोन-अडीच वर्षं मालिकांमध्ये किरकोळ कामं केली आहेत. धाकटी जाऊ, ऑफिसातली मैत्रीण, असली. एकदा एका प्रसंगात ऐन वेळी 'थोडं वाढवू या' झालं. मी नाही म्हटलं नाही. सेटवर तीस माणसं खोळंबलेली असतात, चहा गार होत असतो, प्रत्येक जण तुमच्याशी अतिशय गोड बोलत असतो. त्या वेळी माझ्या नावाने कोणीतरी एक पान चालवत होतं, त्यावर मी न काढलेले फोटो आणि मी न लिहिलेले सुविचार. लोक मला भेटल्यावर त्या सुविचारांबद्दल बोलायचे. काही सुविचार बरे होते, हेच वाईट.

तर 'मिमाची खोली' नावाचं ते संकेतस्थळ १९९७ च्या सिनेमात आहे. मिमाला संगणक धड वापरता येत नाही, कोणीतरी शिकवतं, आणि ती वाचते की आपण गाडीतून उतरताना कुठलं पाऊल आधी टाकतो तेही तिथे लिहिलंय. आधी तिला हसू येतं. आधी हसू येतं हे ज्याला सुचलं त्या माणसाला मी दंडवत घालते.

म्हणून शेवट थरारपटाचा झाला काय आणि कीर्तनाचा झाला काय, मला फरक पडत नाही.

निशाचर:

चिंचगूळ, हे वाचून गप्प बसलो. 'सॉरी'चं दृश्य मी दोनदा पाहूनही सोडून दिलं होतं.

तिरळा_चष्मा:

चिंचगूळ, +१००. थोडी भर: पर्फेक्ट ब्लू आधी हाडामांसाच्या नटांना घेऊन काढायचा बेत होता. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात स्टुडिओचं नुकसान झालं, पैसे आटले, म्हणून तो अ‍ॅनिमेशनकडे आला. आणि मिलेनियम अ‍ॅक्ट्रेसमधल्या चियोकोचा जन्म १९२३ च्या कांतो भूकंपातला. भूकंपाने या माणसाचं पटकथेत आणि आयुष्यात दोन्हीकडे भलंच केलं.

आता माझं गाऱ्हाणं. पॅरानोया एजंटवर इथे कोणी अवाक्षर काढत नाहीये. मी ती पहिली ठेवतो. त्सुकिको सागी ही मुलगी मारोमी नावाच्या गुलाबी कुत्र्याचं चित्र काढून प्रसिद्ध झालीय, आता कंपनीला दुसरा मारोमी हवाय, आणि तिला काही सुचत नाहीये. रात्री घरी जाताना सोनेरी रोलरस्केट घातलेला एक पोरगा वाकड्या सोनेरी बॅटने तिला मारतो. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. ज्याला ज्याला तो मारतो तो आधीच कोंडीत सापडलेला असतो, आणि मार बसल्यावर चेहऱ्यावर सुटका दिसते. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री 'देवा, ताप येऊ दे' म्हटलेल्या प्रत्येकाला हे कळेल.

आणि अफवा. एक अख्खा भाग नुसता सोसायटीतल्या बायकांच्या गप्पांचा आहे. प्रत्येक जण या पोराची आणखी एक गोष्ट सांगते, आधीच्यापेक्षा वरचढ. हसत हसत बघत होतो आणि मध्येच हसू गेलं. २००१ साली दिल्लीत काळ्या माकडाची अफवा होती, तेव्हा आम्ही पेपर वाचून हसायचो. २०१८ साली धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. कोनने २००४ साली जे काढलं ते 'जपानी' आहे असं मला कोणी सांगू नये.

आठवा भाग एकटाच बघितलात तरी चालेल. इंटरनेटवर ओळख झालेली तीन माणसं एकत्र मरायला निघतात, त्यातली एक लहान मुलगी निघते, तिला बघून बाकी दोघं पळ काढतात. हा विनोदी भाग आहे. खरंच. सावल्यांकडे लक्ष ठेवा, एवढंच सांगतो.

काडेपेटी:

पण शेवटचे दोन-तीन भाग फिस्कटलेत हे तरी मान्य करा.

तिरळा_चष्मा:

नाही करणार. बरं, अकरावा नंतरचा एखादा करीन.

टाइमलाइनवाला:

पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी. धाग्यात पहिल्याच परिच्छेदात लग्नाच्या व्हिडिओचा उद्धार झालाय म्हणून राहवलं नाही. मी इचलकरंजीत लग्नाचे व्हिडिओ कापतो. बारा वर्षं झाली. साडेतीनशे मिनिटं कमीच सांगितलीत, हळद धरली तर जास्त होतं.

आमच्या धंद्यात सांधे विकत मिळतात. हजार ट्रान्झिशनचा पॅक असतो: फूल फिरत येतं, पान उलटतं, हृदय फुटून त्यातून नवरी येते. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते या हृदयाचे. मी कोन पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आधी हेच जाणवलं की याच्याकडे इफेक्ट जवळजवळ नाहीच. साधा कट आहे. फक्त कटच्या आधी हात जिथे होता तिथेच कटच्या नंतर हात आहे. पर्फेक्ट ब्लूची सुरुवात बघा. स्टेजवर नाचणारी मिमा, आणि दुकानात वाणसामान घेणारी मिमा, एकीआड एक. एकही फूल फिरत नाही, आणि तुम्हाला दोन मिनिटांत कळतं की ही मुलगी दोन ठिकाणी राहते.

दुसरं. खऱ्या शूटिंगमध्ये फ्रेममध्ये कचरा फार. मांडवात मामा उभा असतो, मागे पंखा, बाजूला कोणाचं तरी पोर नाक पुसतंय. बघणाऱ्याच्या डोळ्याला नवरी शोधायला वेळ द्यावा लागतो, म्हणून शॉट लांबवावा लागतो. कोनच्या फ्रेममध्ये त्याने काढलेलं तेवढंच असतं. नको ते नसतंच. म्हणून तो इतका छोटा तुकडा ठेवू शकतो की आपण केला तर लोक म्हणतील व्हिडिओ अडकला. मी एकदा नादात एका मुंजीचा तसा तीन मिनिटांचा तुकडा केला. बटूच्या आजोबांनी फोन करून विचारलं, सीडी खराब आली का.

तिसरं, तो तुम्हाला जागा उशिरा दाखवतो. आधी चेहरा जवळून. तुम्ही समजता घर आहे. मग कॅमेरा मागे येतो, तर सेट. किंवा टीव्ही. किंवा स्वप्न. आम्ही बरोबर उलटं करतो, आधी कार्यालयाची कमान आणि 'सुस्वागतम्' दाखवतो.

एवढं सगळं बोलून मी पहिला नंबर टोकियो गॉडफादर्सला देणार, जिथे यातलं जवळपास काहीच नाही. बेघर तिघं: दारुडा जिन, पारलिंगी हाना, घरातून पळालेली शाळकरी मियुकी. नाताळच्या आदल्या रात्री कचऱ्यात तान्हं बाळ सापडतं, त्याचे आईबाप शोधायला निघतात. सरळ गोष्ट. जिनने सगळ्यांना सांगितलेलं असतं की माझी बायको-मुलगी वारली, आणि मग हॉस्पिटलात त्याची मुलगी नर्स म्हणून समोर येते. तिचं नावही त्या बाळाचंच. तिथे कोन कुठलाही खेळ करत नाही. दोघांना उभं करतो आणि बोलू देतो. ज्याला वाटेल ते जोडता येतं त्याने तिथे हात खिशात ठेवले.

काडेपेटी:

इतकं सुंदर लिहिलंत आणि मुलगी जिवंत आहे हे फोडलंत! रसभंगाची सूचना द्यायची राहिली, मालक.

तिरळा_चष्मा:

२००३ चा सिनेमा आहे. बाळ होतं ते आता कॉलेजात असेल.

टाइमलाइनवाला:

माफ करा. लग्नाच्या व्हिडिओत शेवट सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे सवय नाही.

निशीकासाईकर:

टाइमलाइनवाले, माझ्यातर्फे एक फर्मास चहा. लिहीत राहा.

मी टोकियोत निशी-कासाई भागात राहतो (आयडीवरून कळलंच असेल, इथे आमची निम्मी सोसायटी मराठी-तेलुगू बोलते). टोकियो गॉडफादर्सबद्दल तक्रार ऐकतो ती ही की योगायोग फार. पण तेच तर त्याचं गणित आहे. १२ आणि २५ हे आकडे सिनेमाभर डोकावतात, घड्याळात, टॅक्सीच्या मीटरवर. इमारतींकडे नीट बघा, खिडक्या-दारांचे चेहरे झालेले दिसतील. शहरच त्या तिघांवर नजर ठेवून आहे. बाळाचं नाव हाना ठेवते ते जपानी नाताळगीतातल्या 'पवित्र' या शब्दावरून, कियोको. आणि शेवटी बेथोवनची नववी सिंफनी वाजते ती काही हौस म्हणून नाही. इथे डिसेंबरात गल्लीबोळात नववी वाजते. आपल्याकडे दिवाळी पहाट असते तसं, हौशी गायकांचे जत्थे महिनोन् महिने तालीम करून ती गातात. जपानी माणसाला ते सूर कानावर पडले की वर्ष संपलं एवढंच कळतं. म्हणजे त्या तिघांचं वर्ष संपलं, झालं.

माझा क्रम मात्र निशाचर यांच्यासारखाच, मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस वर. जपानच्या सांस्कृतिक खात्याच्या महोत्सवात त्याला पहिलं पारितोषिक मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'बरोबर विभागून मिळालं होतं, तेव्हा हा काही आपला दोघांचाच वेडेपणा नाही. चियोकोवर दोन खऱ्या नट्यांची सावली आहे, सेत्सुको हारा आणि हिदेको ताकामिने. त्यातली सेत्सुको हारा १९६३ मध्ये तिचे दिग्दर्शक ओझू वारल्यानंतर पडद्यावरून जी गेली ती गेलीच. मुलाखत नाही, फोटो नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये ९५ व्या वर्षी वारली, आणि बातमी बाहेर आली नोव्हेंबरात. म्हणजे जिच्यावरून त्याने म्हातारी चियोको बेतली ती बाई कोनच्या नंतर पाच वर्षं जगली. सिनेमात मुलाखत घ्यायला माणूस येतो तो प्रसंग खऱ्या आयुष्यात कधी घडलाच नाही.

आणि एक. मे मध्ये कोनला आजार कळला, ऑगस्टमध्ये तो गेला. जाण्यापूर्वी त्याने एक लांब निरोप लिहून ठेवला, तो त्याच्या बायकोने त्याच्या ब्लॉगवर टाकला. त्याचे शेवटचे शब्द 'जा, ओसाकी नी' असे आहेत. इंग्रजीत त्याचं भाषांतर जरा नाटकी होतं. माझ्या ऑफिसात हे रोज ऐकू येतं. संध्याकाळी लवकर निघणारा माणूस बॅग उचलतो आणि बाकीच्यांना म्हणतो, ओसाकी नी. मला पहिल्याच वाचनात त्याचं मराठी सुचलं, कारण आमचे वडील देवळातून, लग्नातून, कुठूनही आधी निघताना हेच म्हणायचे: 'बरं, मी पुढे होतो.'

चिंचगूळ:

'तुम्ही या सावकाश.'

निशीकासाईकर:

अगदी.

निशाचर:

निशीकासाईकर यांचा प्रतिसाद वाचून काल रात्री पाप्रिकाची शेवटची दहा मिनिटं परत लावली. काडेपेटी, हसू नका.

कोनाकावा तरुणपणी मित्राबरोबर सिनेमा काढणार होता, तो अर्धवट सोडून पोलिसात गेला. 'पुढचं काय?' हा प्रश्न त्याला स्वप्नात छळतो. शेवटी तो थिएटरात जातो. बाहेर कोनच्याच आधीच्या सिनेमांची पोस्टर लावलेली आहेत. तो तिकीट काढतो ते 'स्वप्न पाहणारी मुलं' नावाच्या सिनेमाचं. संपला सिनेमा. २००६ साली ही दिग्दर्शकाची गंमत होती. पुढचा सिनेमा कोन खरंच करायला घेणार होता, नाव 'स्वप्न पाहणारं यंत्र'. तो अर्धा राहिला. त्याच्या निरोपाच्या पत्रात या सिनेमाची काळजी आहे, निर्माते मारुयामा यांच्यावर सोपवलेली. पण दुसऱ्या कोणी पूर्ण केला तर तो कोनचा राहणार नाही म्हणून मारुयामांनी तो तसाच ठेवला. तेव्हा तिकीटखिडकीवरचा तो माणूस अजून उभाच आहे.

क्रम बदलतोय का? एका पायरीने. पाप्रिका चौथा, पॅरानोया एजंट पाचवी. चेअरमनची भाषणं मला अजूनही सोसवत नाहीत.

तिरळा_चष्मा:

म्हणजे माझा प्रतिसाद वाचलाच नाही! आठवा भाग पाहिलात का? सावल्या?

काडेपेटी:

चौथा म्हणजे तळाला नाही. मी एवढ्यावर समाधानी आहे. चप्पल परत पाठवा, जोडीतली एकच उरली आहे.

टाइमलाइनवाला:

कोणीच कोनचं 'ओहायो' हे छोटं कार्टून धरलं नाही. २००८ चं, एका मिनिटाचं. एक मुलगी सकाळी उठते. म्हणजे अर्धी उठते. एक ती पलंगावरून उठून चालायला लागते आणि दुसरी ती मागे लोळत, जांभया देत, घसटत येते. दोघी एकाच घरात. तोंडावर पाणी मारलं की दोघींची एक होते. चाळकरींच्या मुलाला हे चालेल.

निशाचर:

वा, हे मला सुचायला हवं होतं. चाळकरी, हे लावा, बिनधास्त.

चाळकरी:

लावलं. एकच मिनिट असल्यामुळे मीही बघितलं. त्याने लागोपाठ चार वेळा लावलं आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, 'आई, ये, यात बाबा आहेत.'